बासष्ट पुंगळ्या आणि एक सरडा

एल्वुड स्टॉफरने उभ्या आयुष्यात बंदूक झाडली नव्हती. केलर्स गॅपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते मोठ्या मनाने पोटात घातलं होतं. ज्या जिल्ह्यात हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की शाळेला सुटी मिळते आणि पाद्रीबुवासुद्धा नारिंगी जाकीट घालून डोंगर चढतात, त्या जिल्ह्यात हा माणूस हंगामाच्या पहिल्या दिवशी घरात बसून नाश्ता करायचा. बंदूक त्याच्या बायकोची, डॉर्कसची होती. ती आणि लेक लेनोर पहाटे डोंगरावर जायच्या आणि एल्वुड त्यांचे थर्मास भरून द्यायचा. घरपट्टीच्या कचेरीत एकतीस वर्षं लोकांच्या पडव्या आणि पत्र्याच्या शेड मोजण्यात गेली. त्यामुळे त्याच्या हाती शस्त्र म्हणून कधी आली असेल तर ती मोजपट्टी, आणि लोक बंदुकीपेक्षा तिलाच जास्त भ्यायचे.

डॉर्कस गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली. लेनोर डेन्व्हरला असते. अंत्यविधीनंतर ती इकडे फिरकली नव्हती. दर रविवारी चार वाजता तिचा फोन यायचा आणि तो नऊ मिनिटं चालायचा. तिकडचं हवामान, इकडचं हवामान, गाडीचे टायर, मग 'जपा हं बाबा'. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मात्र टायर आटोपल्यावर ती जरा घुटमळली.

"बाबा, आईची बंदूक आहे ना अजून?"

"आहे की. कुठे जातेय!"

"काडतुसं?"

"ढीगभर आहेत," एल्वुड म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मग यंदा पहिल्या दिवसाला येते मी. पण काडतुसं बघून ठेवा. नसतील तर उगाच कशाला, नाताळचं बघू मग."

'बघू' या शब्दाचा अर्थ सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. एल्वुडने स्वतः हजारो अर्जांवर 'बघू' म्हटलं होतं आणि त्यातला एकही अर्ज पुढे बघितला गेला नव्हता. तळघरात जाऊन त्याने शोधाशोध केली, तेव्हा कॉफीच्या डब्यात काडतुसं सापडली खरी, पण सगळी झाडलेली. बासष्ट रिकाम्या पितळी पुंगळ्या, काळ्याठिक्कर. बंदूक जुन्या मापाची. बाजारात त्या मापाची काडतुसं वसंतापर्यंत येत नाहीत, असं दुकानदाराने सांगितलं आणि 'बघू' म्हटलं.

आता आशा होती ती मर्ल गिंग्रिचची. मर्ल मागच्या गल्लीत राहतो. पुंगळीत नवी दारू भरायची, वर नवी गोळी बसवायची, ही सगळी यंत्रं त्याच्या गॅरेजात आहेत. डॉर्कसची काडतुसं तोच भरून द्यायचा.

"भरून देतो की," मर्ल म्हणाला. "पण पुंगळ्या साफ करून आण. असली खरकटी भांडी मी माझ्या यंत्राला लावत नाही. तुझी बायको आरशासारख्या करून आणायची."

"कशाने करायची?"

"आता ते मला काय माहीत? नवरा तू होतास का मी?"

हे उत्तर एल्वुडच्या जिव्हारी लागलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायको तळघरात काय करते, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. पण पितळ घासायला काय मोठं पांडित्य लागतं, असं त्याने स्वतःला बजावलं. इथून पुढची सगळी कथा या एका वाक्याची शिक्षा आहे.

पहिल्या दिवशी त्याने चौदा पुंगळ्या व्हिनेगरमध्ये बुडवल्या आणि टीव्हीवर फुटबॉलचा सामना लावला. सामना तीन तास चालला. यजमान संघ हरला आणि पुंगळ्या गुलाबी झाल्या. बाळाच्या टाचेसारखा तो रंग बघून एल्वुडला मनापासून आनंद झाला आणि त्याच आनंदात तो पुंगळ्या घेऊन मर्लकडे गेला.

"अरे, लोणचं घातलंस की काय यांचं?" मर्ल ओरडला. "दहा मिनिटं ठेवायच्या असतात! पितळेतलं जस्त गेलं सगळं. आता यात बार भरला तर तुझ्या पोरीच्या गालाशी फुटेल."

पोरीच्या गालाचं नाव निघाल्यावर एल्वुडने त्या चौदा पुंगळ्या स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्या.

दुसरा सल्ला शेजारच्या ब्लांश क्रेसलरबाईंचा. ब्लांश गेली बावीस वर्षं चर्चमधली पितळी मेणबत्तीदानं घासते, त्यामुळे पितळेवर शेवटचा शब्द आपला, असं तिचं मत. तिने निळ्या डब्यातलं पॉलिश दिलं. "मेणबत्तीदानात मला माझ्या नाकावरचा तीळ दिसतो," ती म्हणाली. खरोखरच सहा पुंगळ्या अशा लखलखल्या की एल्वुडला त्यात आपल्या चेहऱ्यावरचा अभिमान दिसला. मर्लने डबा हुंगला आणि डोळे मिटले. त्या पॉलिशमध्ये अमोनिया होता, आणि अमोनियाने पितळेला आतून तडे जातात म्हणे. मेणबत्तीदानाच्या पोटात स्फोट होत नसल्यामुळे चर्चमध्ये ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती.

उरल्या बेचाळीस. मर्लला दया आली की बेचाळिसाचे बावीस व्हायची भीती वाटली, कोण जाणे, पण त्याने आपलं एक जुनं यंत्र उसनं दिलं. बादलीएवढं भांडं, विजेवर थडथडत राहणारं. मर्ल त्याला 'खुळखुळा' म्हणतो. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा भरायचा, पुंगळ्या टाकायच्या आणि चार तास थडथडू द्यायचं.

"आणि हे बघ, काळी धूळ धरायला त्यात एक फडकं कापून टाक. कपडे वाळवायच्या यंत्रात बायका ते सुगंधी फडकं टाकतात ना, ते. पण वापरलेलं हवं. नव्याचा चिकटपणा पितळेला लागतो."

एल्वुडच्या घरात तसं फडकं डॉर्कस गेल्यापासून आलं नव्हतं. तो आपले कपडे फडक्याशिवायच वाळवायचा आणि अंगाला बोचले तर बोचू द्यायचा. म्हणून त्याने ब्लांशचं दार वाजवलं आणि सभ्य गृहस्थाला शोभेल अशा आवाजात विचारलं, "तुझ्याकडे वापरलेली सुगंधी फडकी असतील का? तुझ्या कपड्यांबरोबर फिरलेली?"

ब्लांशने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. फडकी दिली, अकरा दिली, पण दार अर्धंच उघडून. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं की बिचारा एल्वुड आता बायकांच्या कपड्यांचा वास मागत हिंडतोय. रात्रीच्या जेवणाआधी तीन घरांतून मॅकरोनी आली. या गावात एखाद्याचं डोकं फिरलं असं वाटलं की लोक मॅकरोनी देतात. कुणी मेलं तरी मॅकरोनीच देतात. ती फडकी कापताना मात्र एल्वुडच्या नाकात तो वास गेला आणि तो कात्री तशीच धरून थोडा वेळ बसून राहिला.

अक्रोडाचा भुगा बंदुकीच्या दुकानात चिमूटभर मिळतो आणि त्याला सोन्याचा भाव असतो. म्हणून जिल्ह्यातले सगळे शहाणे लोक तो पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणतात. तिथे तोच भुगा सरड्यांचं अंथरूण म्हणून गोणीने मिळतो. दुकानाचा म्हातारा मालक काही न विचारता गोणी गाडीत टाकायचा. पण सप्टेंबरात त्याने शहरातून आलेली एक मुलगी कामाला ठेवली होती, टॅमसिन नावाची. तिच्या मनगटावर सरडा गोंदलेला होता आणि सरड्यांवर तिचा अस्सल जीव होता.

"अरे वा!" गोणी बघून ती म्हणाली. "तुमच्याकडे कोण आहे?"

इतक्या मायेने तिने विचारलं, की 'हरणं मारायची काडतुसं घासायचीत' असं सांगणं म्हणजे गोशाळेत जाऊन खाटकाचा पत्ता विचारण्यासारखं झालं असतं. गोणीवर एका दाढीवाल्या सरड्याचं चित्र होतं.

"हेच," एल्वुड चित्राकडे बोट करून म्हणाला.

"नर की मादी?"

"मादी."

"नाव काय तिचं?"

एकतीस वर्षं लोक त्याच्याशी खोटं बोलत आले होते. ही खोली नवी नाही, जुनीच आहे. ही पडवी नाही, मोठी पायरी आहे. खोटं बोलावं तर आखूड बोलावं, तपशिलात गेला तो बुडाला, हे एल्वुडइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते नाव जणू जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. मर्ल 'तुझी बायको' म्हणायचा, ब्लांश 'ती' म्हणायची, लेनोर 'आई' म्हणायची. नाव कुणी घेतच नव्हतं.

"डॉर्कस," एल्वुड म्हणाला.

"किती गोड! काय खाते?"

"सकाळी स्क्रॅपल," एल्वुडच्या तोंडून गेलं. डुकराच्या उरल्यासुरल्या मांसाची, मक्याच्या पिठात थापलेली ती वडी तव्यावर परतल्याशिवाय डॉर्कसचा दिवस उजाडत नसे. "कडेने कुरकुरीत लागतं तिला. वर सफरचंदाचा मुरंबा."

टॅमसिनने काउंटरला धरलं. "अहो, सरड्याला? डुकराचं मांस?"

"माहेरची सवय," एल्वुड म्हणाला.

"आणि बसते कुठे?"

"दुपारी खिडकीत. पाय गार पडतात तिचे."

"ऊब मिळत नाहीये तिला!" टॅमसिन कळवळली. तिने दिव्याची पत्रकं दिली, पालेभाज्यांची यादी दिली, आणि या अंथरुणाचा भुगा पोटात गेला तर आतडं अडकतं असंही बजावलं. ती खुर्चीत बसते, जमिनीवर उतरत नाही, असं सांगून एल्वुडने गोणी उचलली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. या सरड्याला कुंपणच नव्हतं.

खुळखुळा सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी गावपंचायतीचा माणूस दारात उभा राहिला. फेटरॉल्फ त्याचं नाव. आवाजाची तक्रार आली होती. कुणाची ते गुप्त होतं, पण तो बोलत असताना ब्लांशच्या खिडकीचा पडदा हलत होता.

"घरात कारखाना काढलाय का?"

"स्वतःपुरतं साफ करतोय."

"मग अर्ज भरा. घरगुती व्यवसाय नसल्याचा अर्ज."

एल्वुडने अर्ज बघितला आणि त्याच्या स्वाभिमानाला वर्मी घाव बसला. अर्जात रकाना चारच्या पुढे थेट रकाना सहा होता. आपल्या वेळी असं कधी झालं नसतं, हे त्याने फेटरॉल्फला वीस मिनिटं समजावलं. फेटरॉल्फची नजर तेवढ्यात गोणीवरच्या चित्राकडे गेली. "सरडे पाळता?"

"मुळीच नाही," एल्वुड म्हणाला आणि तसं लेखी दिलं. अशा रीतीने एकाच गावात पंचायतीच्या दप्तरी सरडा नव्हता आणि हमरस्त्यावरच्या दुकानात तो दिवसेंदिवस आजारी पडत चालला होता.

कारण एल्वुड पुन्हा दुकानात गेला होता. पहिला भुगा काळा पडला म्हणून दुसरी गोणी लागली, हे कबूल. पण तिसऱ्या गोणीची खुळखुळ्याला काहीएक गरज नव्हती, चौथीची तर नव्हतीच. गॅरेजात गोण्या रचल्या जात होत्या. मंगळवार आणि शुक्रवार तो दाढी करायचा, स्वच्छ शर्ट घालायचा आणि भुगा आणायला निघायचा. टॅमसिन विचारायची आणि तो सांगायचा. डॉर्कस जिन्याने वरखाली करेनाशी झालीय. खुर्ची खिडकीजवळ सरकवून दिलीय. मोजे ओव्हनच्या दारावर तापवून तो तिच्या पायांत घालतो.

"सरड्याला मोजे?" टॅमसिन म्हणाली. पण हसली नाही.

"चारचारदा बदलतो दिवसातून. तरी गारच."

"आणि खाणं?"

"सोडलंय. दोन चमचे सूप, तेही माझ्यासाठी म्हणून."

टॅमसिनने त्याच्या बाहीवर हात ठेवला. "घाबरू नका हं. हिवाळ्यात काही सरडे असेच निपचित पडतात. खाणं सोडतात, हलत नाहीत. झोप असते ती. वसंत आला की उठेल."

"मार्चमध्ये?" एल्वुडने विचारलं.

"हो, साधारण मार्चमध्ये."

एल्वुड गोणी मांडीवर घेऊन गाडीत बसला आणि बराच वेळ त्याने गाडी सुरूच केली नाही. त्यानंतर तो त्या दुकानात गेला नाही.

पुंगळ्या मात्र साफ झाल्या. बुडाच्या भोकांत अक्रोडाचे कण अडकले होते, ते त्याने दात कोरायच्या काडीने बेचाळीस वेळा काढले. मर्लने एकेक पुंगळी उजेडात धरून फिरवली आणि फक्त "हं" म्हणाला. मर्लच्या तोंडून 'हं' निघणं म्हणजे सुवर्णपदकच. बुधवारी बेचाळीस भरलेली काडतुसं खोक्यात बसून घरी आली आणि शुक्रवारी दुपारी लेनोर आली.

तिने खोका उघडला, एक काडतूस हातात घेतलं आणि म्हणाली, "छान दिसतायत."

"हो ना," एल्वुड म्हणाला.

मग डेन्व्हरचं हवामान झालं. केलर्स गॅपचं झालं. भाड्याच्या गाडीचे टायर बरे होते. नऊ मिनिटं संपली आणि घड्याळात पुढचे दोन दिवस तसेच उरले. फोन असता तर 'जपा हं' म्हणून ठेवता आला असता. समोर बसलेल्या माणसाला कसं ठेवणार? एल्वुडने महिनाभर जिवाचं रान केलं होतं ते लेक यावी म्हणून. ती आल्यावर काय करायचं, याची तयारी त्याने केलीच नव्हती. दोघंही काडतुसांकडे बघत बसले.

पाच वाजता दारावरची घंटा वाजली. लेनोरने दार उघडलं. बाहेर टॅमसिन उभी होती. एका हातात उबेचा दिवा आणि दुसऱ्या हातात पालेभाजीची पिशवी.

"मिस्टर स्टॉफर बरे आहेत ना? दोन आठवडे आले नाहीत. पत्ता पावतीवर होता म्हणून..." ती दम खाऊन म्हणाली. "डॉर्कस कशी आहे?"

आत सोफ्यावर बसलेल्या एल्वुडला आपल्या आयुष्यात जमीन दुभंगण्याची इतकी निकड कधीच भासली नव्हती. पंचायतीच्या हद्दीत तशी सोय नव्हती.

"कोण?" लेनोर म्हणाली.

"डॉर्कस. तिचे पाय अजून गारच पडतात का? मोजे तापवून घालतात ना ते, दिवसातून चारदा. मला झोप नाही हो लागली ते ऐकल्यापासून. जिना उतरत नाही म्हणाले, मग खुर्ची खिडकीशी नेली. सूपसुद्धा दोनच चमचे, तेही त्यांच्यासाठी..."

लेनोर दाराच्या कडीला धरून उभी होती. "आणखी काय म्हणाले?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"लेनोर," एल्वुड उठून म्हणाला, "टॅमसिन, सरडा नाहीये. मला पुंगळ्या घासायला भुगा हवा होता."

"मग डॉर्कस?"

"माझी आई," लेनोर म्हणाली.

टॅमसिनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. वसंताबद्दल आपण काय बोललो होतो ते तिला आठवलं असावं, कारण तिने तोंडावर हात धरला. "दिवा परत नेऊ का?" तिने विचारलं, आणि आपण हे काय विचारतोय असं वाटून ती रडायलाच लागली. एल्वुडने तिला आत बसवून पाणी दिलं. पालेभाजी टेबलावर ठेवून ती गेली.

लेनोरने दार लावलं. मग म्हणाली, "आजारपणात मला फोनवर दर रविवारी सांगायचात, 'बरी आहे'."

"तू विचारायचीस, 'आई कशी आहे?' त्याला माणूस बरी आहे म्हणतो."

"आणि त्या दुकानातल्या पोरीला सगळं?"

"तिने विचारलं," एल्वुड म्हणाला. "काय खाते, कुठे बसते. तिने विचारलं गं."

लेनोरने तोंड फिरवलं. तिला आईचा राग आला नव्हता, बापाचा आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती खिडकीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "खुर्ची नेमकी कुठे होती? दाखवा."

एल्वुडने उठून खुर्ची सरकवली. इंचाचाही फरक पडू दिला नाही. मोजमाप हा त्याचा धंदाच होता. लेनोर तिच्यात बसली. "सुरुवातीपासून सांगा. डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलात तिथपासून." आणि नऊ मिनिटांच्या वर कधी न बोललेला तो माणूस सांगायला लागला. मध्येच अडखळला, महिना चुकला, मागे गेला, नीट करून पुन्हा पुढे आला. दिवे घालवायची वेळ झाली तेव्हा त्याच्या सांगण्यातला ऑक्टोबर नुकता संपत होता. उरलेलं सकाळी, असं ठरलं.

सकाळी लेनोर नारिंगी जाकीट घालून खाली आली आणि कॉफी घेऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसली. उजाडलं. डोंगरावर पहिला बार वाजला, मग दुसरा. बंदूक कोपऱ्यात होती, खोका टेबलावर. फोन वाजला. मर्ल होता. लेनोरला डोंगरावर तोच नेणार होता.

"अरे, पोरगी कुठाय तुझी? मी तासभर थांबलोय इथे गारठत. हरणं काय माझ्या ओळखीची आहेत थांबायला?"

"थांब जरा, मर्ल," एल्वुड म्हणाला. "आम्ही अजून फेब्रुवारीतच आहोत."